मालिका संपली, साक्ष बाकी

ऑक्टोबर २०१८ च्या शेवटच्या दहा दिवसांत या देशात पोलिसांशी संबंधित दोन घटना घडल्या. २१ ऑक्टोबरला, पोलीस स्मृतिदिनी, दिल्लीतील चाणक्यपुरीत राष्ट्रीय पोलीस स्मारकाचे लोकार्पण पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते झाले. स्वातंत्र्यानंतर कर्तव्य बजावताना प्राणार्पण केलेल्या चौतीस हजारांहून अधिक पोलिसांची नावे तेथील शौर्यभिंतीवर कोरलेली आहेत. त्यानंतर अवघ्या सहा दिवसांनी, २७ ऑक्टोबरला, ‘सी.आय.डी.’ या दूरचित्रवाणी मालिकेचा अखेरचा भाग प्रक्षेपित झाला. या दोहोंपैकी घराघरांत चर्चा कोणत्या घटनेची झाली, हे सांगण्यासाठी कोणा ज्योतिष्याची गरज नाही. एसीपी प्रद्युम्न, अभिजीत आणि दया आता दिसणार नाहीत या कल्पनेने मध्यमवर्गीय घरे हळहळली. मालिका बंद करू नये म्हणून प्रेक्षकांनी विनवण्या केल्या. १९५९ साली लडाखमधील हॉट स्प्रिंग्ज येथे चिनी सैनिकांच्या गोळ्यांना बळी पडलेल्या ज्या दहा जवानांच्या स्मरणार्थ हा स्मृतिदिन पाळला जातो, त्यांची आठवण मात्र त्या आठवड्यात किती घरांत निघाली असेल, याची शंकाच आहे.

यासाठी प्रेक्षकांना नावे ठेवण्याचे कारण नाही. २१ जानेवारी १९९८ रोजी सुरू झालेली ही मालिका वीस वर्षांहून अधिक काळ चालली आणि तिचे दीड हजारांवर भाग झाले. एक पिढी तिच्यासोबत शाळेतून नोकरीपर्यंत पोहोचली. मालिका हिंदी असली तरी महाराष्ट्राला ती कधी परकी वाटली नाही. निर्माते-दिग्दर्शक बी. पी. सिंग यांनी त्याआधी मुंबई दूरदर्शनसाठी ‘एक शून्य शून्य’ ही मराठी गुन्हेशोध मालिका केली होती आणि तिच्यातही शिवाजी साटम होते. सेंट्रल बँकेत नोकरी करत रंगभूमीची सेवा करणारा हा अभिनेता पुढे एसीपी प्रद्युम्न म्हणून देशभर ओळखला गेला. ७ नोव्हेंबर २००४ रोजी दाखवलेला एकशे अकरा मिनिटांचा विशेष भाग मध्ये कोठेही न थांबता एकाच सलग दृश्यात चित्रित झाला होता. ते चित्रीकरण बोरघाटाच्या माथ्यावर, लोणावळ्यात झाले. घाटाखालच्या कर्जत-खालापूरकरांना चित्रीकरणाचे अप्रूप तसे कमीच. नितीन देसाई यांनी २००५ साली याच परिसरात उभारलेल्या स्टुडिओतले राजवाडे आणि तटबंद्या कशाच्या बनलेल्या असतात, हे येथील सुतार-रंगाऱ्यांनी स्वतःच्या हातांनी पाहिले आहे. पडद्यावरचा चिरा खरा नसतो हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांचेही मन मालिकेच्या अखेरच्या भागाने हलते, याचा अर्थ त्या चिऱ्यामागे त्यांना काहीतरी खरे सापडलेले असते.

ते काय असते? नेरळसारख्या गावातून पहाटेच्या लोकलने मुंबई गाठायची आणि रात्री पुन्हा दोन तासांचा प्रवास करून परतायचे, असे आयुष्य हजारो कुटुंबांनी काढले आहे. कार्यालयात वरिष्ठांचे, गाडीत गर्दीचे आणि गावात पाणी-विजेचे जाच सोसणाऱ्या माणसाला दिवसभरात न्याय असा कोठे भेटतच नाही. आठवड्याच्या अखेरीस मात्र तो तासाभरासाठी घरी येत असे. गुन्हा घडे, पुरावा सापडे, लपलेला गुन्हेगार उघडा पडे. डॉ. साळुंखे यांची प्रयोगशाळा कोणाच्या वशिल्याने चालत नसे आणि दयाच्या खांद्यापुढे श्रीमंताच्या बंगल्याचे दारही टिकत नसे. आजोबांपासून नातवापर्यंत सर्वांनी एकत्र बसून पाहावे आणि कोणालाही मान खाली घालावी लागू नये, अशा मोजक्या मालिकांपैकी ही एक होती. सासू-सुनांच्या कटकारस्थानांनी दूरचित्रवाणीचा पडदा व्यापला असताना ‘दुष्टाला शासन होते’ ही साधी गोष्ट ती न कंटाळता सांगत राहिली. सत्याचा अखेर विजय होतो, हा या समाजाच्या मनातला जुना विश्वास आहे. मालिकेने त्याला आपल्या परीने खतपाणी घातले, हे मान्यच केले पाहिजे.

नेरळमधील एका निवृत्त गृहस्थांची त्या अखेरच्या भागानंतरची प्रतिक्रिया मात्र नेहमीच्या हळहळीपेक्षा वेगळी होती. पहिल्या वर्षापासून मालिका पाहणाऱ्या या गृहस्थांना घरच्यांनी विचारले, आता आठवड्याची ती रात्र कशी काढणार? त्यावर ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, “वीस वर्षं चोर पकडला जाताना पाहिला. पण शेजारच्या घरी चोरी झाली आणि पोलीस पंच म्हणून बोलवायला आले, तेव्हा मी आत जाऊन बसलो आणि हिला सांगायला लावलं, की मी घरी नाही.” नोकरी होती, रजा शिल्लक नव्हती, कोर्टाच्या तारखा किती पडतील याचा भरवसा नव्हता. प्रत्येक कारण खरे होते. तरीही ती गोष्ट त्यांच्या मनात रुतून बसली होती, आणि एका कल्पित पोलीस अधिकाऱ्याने निरोप घेतल्यावर ती वर आली. समाजाच्या दृष्टीने मोलाचे असे काही त्या रात्री घडले असेल, तर ते हेच.

या गृहस्थांनी जे उघडपणे सांगितले, ते असंख्य घरांत न सांगता घडत असते. पडद्यावरच्या गुन्ह्याचा छडा लागावा म्हणून जागणारा माणूस रस्त्यावरच्या गुन्ह्याकडे पाठ फिरवून चालू लागतो. अपघातग्रस्ताला गाडीत घालायला चार हात पुढे येतात, पण नाव-पत्ता विचारला की त्यांतले दोन मागे जातात. घरफोडीचा पंचनामा करायचा तर पंच मिळत नाहीत. खटला उभा राहिला तर साक्षीदार फिरतो. मग आरोपी सुटला की तीच माणसे चहाच्या कपावर सांगतात, या देशात कायदाच उरलेला नाही.

मालिकेचाही यात थोडा वाटा आहे. तिच्या जगात न्यायालय जवळजवळ नव्हतेच. पुरावा समोर ठेवला, एक थप्पड बसली, की गुन्हेगार घडाघडा बोलू लागे आणि अधिकारी त्याला फाशीची शिक्षा जाहीर करून मोकळा होई. प्रेक्षकाच्या दृष्टीने खटला तेथेच संपे. प्रत्यक्षात तो तेथून सुरू होतो. पोलीस अधिकाऱ्यापुढे दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून वापरता येत नाही, हा नियम १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यात होता आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही तो कायम आहे. त्या कबुलीतून एखादी वस्तू हाती लागली, तर तेवढ्यापुरता अपवाद. याचा अर्थ एवढाच, की थपडेने गुन्हा सिद्ध होत नाही. तो वस्तूंनी, कागदांनी आणि मुख्यतः माणसांच्या साक्षीने सिद्ध होतो.

हे शहाणपण इंग्रजांनी शिकवले, असा समज असणाऱ्यांनी कौटिल्याचे अर्थशास्त्र उघडून पाहावे. त्याच्या ‘कंटकशोधन’ नावाच्या चौथ्या अधिकरणात अकस्मात मृत्यू झालेल्या माणसाच्या शरीराची परीक्षा कशी करावी, यावर स्वतंत्र अध्याय आहे. कोणत्या खुणांवरून गळा दाबल्याचे, बुडवल्याचे वा विष दिल्याचे ओळखावे, मृताच्या निकटच्या माणसांकडे कोणती चौकशी करावी, याचे तपशीलवार विवेचन तेथे आहे. डॉ. साळुंख्यांची परंपरा या भूमीत किती जुनी आहे, याचा हा दाखला. त्याच्या लगेच पुढच्या अध्यायात कौटिल्य एक इशारा देतो. यातनांच्या भयाने चोर नसलेला माणूसही ‘मी चोर’ असे म्हणतो, आणि त्यासाठी तो मांडव्याचे उदाहरण देतो. महाभारताच्या आदिपर्वातील हीच ती कथा. आश्रमात लपलेल्या चोरांमुळे मौनव्रती मांडव्य ऋषी पकडले गेले आणि सुळावर चढवले गेले. पुढे त्यांनी प्रत्यक्ष धर्मराजाला जाब विचारला आणि त्यांच्या शापाने धर्माला विदुर म्हणून दासीच्या पोटी जन्म घ्यावा लागला. न्यायात चूक झाली तर धर्मदेवतेलाही तिची किंमत मोजावी लागते, असे मानणारी ही संस्कृती आहे. घाईच्या न्यायाला टाळ्या पिटणे हे तिच्या वारसांना शोभत नाही.

तरीही साक्ष टाळण्याचा हा स्वभाव केवळ भित्रेपणातून आला, असे म्हणणे अन्यायाचे होईल. त्याला इतिहास आहे आणि तो नेरळच्या परिसराइतका अन्यत्र क्वचितच स्पष्ट दिसेल. माथेरानला १ डिसेंबर १९१२ रोजी जन्मलेले विठ्ठल लक्ष्मण तथा भाई कोतवाल हे नाभिक कुटुंबातले. कष्टाने शिकून ते वकील झाले, माथेरानच्या नगरपालिकेचे उपाध्यक्ष झाले आणि सावकारी पाशात अडकलेल्या शेतकऱ्यांसाठी त्यांनी धान्यकोठ्यांचा उपक्रम चालवला. १९४२ च्या आंदोलनात त्यांनी ‘आझाद दस्ता’ उभारला. मुंबईला वीज नेणाऱ्या तारांचे मनोरे पाडून इंग्रजांच्या युद्धयंत्रणेला झटका देण्याचे काम या दस्त्याने कर्जत-मुरबाडच्या रानांत राहून केले. सरकारच्या दप्तरी ते फरारी गुन्हेगार ठरले आणि त्यांच्या शिरावर इनाम लागले. गावोगावच्या शेतकऱ्यांनी आणि आदिवासींनी त्यांना भाकरी दिली, वाट दाखवली आणि पोलीस दारात आले तेव्हा तोंडातून अवाक्षर काढले नाही. अखेर फितुरीने घात झाला. २ जानेवारी १९४३ रोजी पहाटे सिद्धगडाच्या परिसरात पोलिसांच्या गोळ्यांनी भाई कोतवाल आणि त्यांचे साथी हिराजी पाटील यांना वीरमरण आले. भाईंचे वय तेव्हा जेमतेम तीस वर्षांचे होते.

त्या काळी पोलिसांपुढे मौन पाळणे हेच देशकार्य होते आणि तोंड उघडणे हा द्रोह होता. जे बोलले नाहीत त्यांच्यामुळे दस्ता टिकला, जो बोलला त्याने घात केला. अशा अनुभवातून गेलेल्या समाजाला खाकी वेषापासून चार हात दूर राहण्याची सवय लागली, यात नवल नाही. प्रश्न असा, की ज्या राज्यासाठी ते मौन पाळले गेले, ते स्वतःचे राज्य आल्यावरही ती सवय तशीच का राहिली? १९४३ साली या डोंगररांगांत ज्या वेषाला पाहून दारे लागत, त्याच परिसरातल्या घरांनी १९९८ पासून एका पोलीस अधिकाऱ्याला घरातल्या वडीलधाऱ्यासारखे मानले. मनाने एवढे मोठे अंतर कापले गेले. आचरणाने मात्र ते अजून कापायचे आहे. पडद्यावरच्या पोलिसासाठी दार उघडते. दारात उभ्या असलेल्या पोलिसासाठी घरात ‘ते बाहेरगावी गेलेत’ हेच उत्तर तयार असते. स्वराज्यात साक्ष देणे हे मौनाइतकेच मोठे देशकार्य आहे, हे अजून पुरते उमगलेले नाही.

ज्यांना ते उमगले, त्यांचे उदाहरण डोळ्यांसमोर आहे. नेरळच्या लोकल जेथे जाऊन थांबतात, त्या छत्रपती शिवाजी टर्मिनसवर २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री पाकिस्तानातून आलेल्या दहशतवाद्यांनी गोळ्यांचा वर्षाव केला. त्याच रात्री गिरगाव चौपाटीजवळ सहायक पोलीस उपनिरीक्षक तुकाराम ओंबळे यांनी कसाबच्या रायफलची नळी हातांनी धरून ठेवली. गोळ्यांनी त्यांच्या देहाची चाळण झाली, पण पकड सुटली नाही आणि एक हल्लेखोर जिवंत हाती लागला. पुढे त्यांना मरणोत्तर अशोकचक्र मिळाले. ही शौर्यगाथा सर्वांच्या तोंडी आहे. तिचा उत्तरार्ध तितकाच मोलाचा आहे. जिवंत पकडलेल्या त्या अतिरेक्यावरचा खटला पुराव्याने सिद्ध व्हायचा होता, आणि त्यासाठी टर्मिनसवर पायात गोळी लागलेली एक लहान मुलगी कुबड्यांच्या आधाराने न्यायालयात आली. जेमतेम दहा वर्षांच्या त्या मुलीने भर न्यायालयात कसाबकडे बोट दाखवले. ६ मे २०१० रोजी विशेष न्यायालयाने त्याला फाशीची शिक्षा सुनावली आणि २१ नोव्हेंबर २०१२ रोजी येरवड्यात ती अमलात आली. ओंबळे यांनी जे प्राण देऊन पकडले, ते अशा साक्षींनी न्यायाच्या हाती सोपवले. दोहोंपैकी एक नसते, तर दुसरे अपुरे ठरले असते. रजा शिल्लक नाही म्हणणाऱ्या प्रौढांनी त्या कुबड्या एकदा आठवून पाहाव्यात.

अर्थात सारा भार नागरिकाच्या खांद्यावर टाकून शासनाने हात झटकणे योग्य नव्हे. साक्षीदाराला दिवसभर न्यायालयाच्या बाकावर बसवून संध्याकाळी पुढची तारीख हातात देणारी व्यवस्था त्याच्याकडून कर्तव्यबुद्धीची अपेक्षा कोणत्या तोंडाने करणार? २२ सप्टेंबर २००६ रोजी प्रकाश सिंह खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पोलीस सुधारणांचे आदेश दिले. गुन्ह्याचा तपास आणि बंदोबस्त ही कामे वेगळी करावीत, असेही त्यांत होते. मोर्चे, मिरवणुका आणि मंत्र्यांचे दौरे यांतून उरलेल्या वेळात तपास करणाऱ्या हवालदाराकडून प्रद्युम्नच्या पथकाची तत्परता मागणे हा क्रूर विनोद आहे. डिसेंबर २०१८ मध्ये, म्हणजे मालिका संपल्यानंतर काही आठवड्यांतच, सर्वोच्च न्यायालयाने साक्षीदार संरक्षण योजनेला मान्यता देऊन ती देशभर लागू केली. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने त्यापुढचे पाऊल टाकले आहे. सात वर्षे वा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैद्यक तज्ज्ञांनी घटनास्थळी जाणे, झडती आणि जप्तीचे दृक्‌श्राव्य चित्रीकरण, तहकुबींवर मर्यादा, दृक्‌श्राव्य माध्यमातून साक्ष नोंदवण्याची सोय, अशा तरतुदी तिच्यात आहेत. साक्षीदाराच्या जुन्या तक्रारींवर हा इलाज आहे. तो कागदावरून तालुक्याच्या न्यायालयापर्यंत किती लवकर पोहोचतो, यावर राज्यकर्त्यांची परीक्षा होईल, मग ते कोणत्याही पक्षाचे असोत. कायदा झाला म्हणून समाधान मानणारे कार्यकर्ते त्या परीक्षेत राज्यकर्त्यांबरोबरच नापास होतील.

परंतु कॅमेरा कितीही आला तरी पंचाची जागा घेऊ शकत नाही. झडतीच्या वेळी त्या परिसरातले दोन किंवा अधिक स्वतंत्र, प्रतिष्ठित रहिवासी हजर असावेत, असे कायदा सांगतो. हे ‘प्रतिष्ठित रहिवासी’ म्हणजे दुसरे कोण? शिक्षक, बँकेतले कर्मचारी, दुकानदार, निवृत्त अधिकारी, म्हणजे जे मध्यमवर्गीय गावात मानाने वावरतात तेच. ते घरात बसले की पंच म्हणून नाक्यावरचा कोणीतरी पकडून आणला जातो आणि उलटतपासणीत तो पहिल्याच प्रश्नाला कोसळतो. संघाच्या शताब्दीनिमित्त मांडल्या गेलेल्या पंच परिवर्तनांत ‘नागरिक कर्तव्य’ हा एक विषय आहे. वाहतुकीचे नियम आणि मतदान येथपर्यंत त्याचा अर्थ सहज पोहोचतो. त्यात साक्षीचा समावेश व्हायला हवा. प्रत्येक शाखेच्या, प्रत्येक वस्तीच्या परिसरात पंच म्हणून उभे राहायला तयार असलेली चार माणसे असतील आणि साक्षीदाराच्या सोबतीला तारखेच्या दिवशी एखादा कार्यकर्ता न्यायालयात जाऊन बसत असेल, तर ते काम कोणत्याही व्याख्यानमालेपेक्षा खोल रुजेल. साक्षीदार एकटा पडतो म्हणून फिरतो. समाज त्याच्या पाठीशी दिसला, तर धमकावणाऱ्याला दहादा विचार करावा लागेल. मात्र साक्ष कोणाच्या बाजूने द्यायची, हे जात, पक्ष वा पंथ पाहून ठरवता कामा नये. स्वकीयाच्या विरुद्धही खरे बोलण्याची तयारी नसेल, तर ती साक्ष नव्हे, वकिली होय.

२१ डिसेंबर २०२४ पासून ‘सी.आय.डी.’ पुन्हा पडद्यावर आली. एप्रिल २०२५ मध्ये एसीपी प्रद्युम्नचा स्फोटात मृत्यू झाल्याचे दाखवले गेले, तेव्हा प्रेक्षकांनी एवढा संताप व्यक्त केला, की जणू घरातला माणूस गेला. काही आठवड्यांतच प्रद्युम्न परत आले. कथाकाराच्या हाती तेवढे असते. इन्स्पेक्टर फ्रेडरिक्सच्या भूमिकेने दोन दशके हसवणारे दिनेश फडणीस डिसेंबर २०२३ मध्ये खरोखर गेले, त्यांना मात्र कोणताही लेखक परत आणू शकला नाही. चाणक्यपुरीच्या भिंतीवरील नावांचेही तसेच. त्यांच्या मृत्यूचा भाग प्रेक्षकांच्या आग्रहाने बदलत नाही. दर २१ ऑक्टोबरला त्या भिंतीवरची नावे वाढतात आणि प्रत्येक नावामागे एक घर असते, जेथे जेवणाचे एक पान कमी झालेले असते.

त्या घरांना हळहळ पुरत नाही. ज्या गुन्हेगाराला पकडताना माणूस गेला, तो न्यायालयातून सुटणार नाही, एवढी खात्री त्यांना हवी असते. ती खात्री पोलीस एकटे देऊ शकत नाहीत, न्यायाधीश एकटे देऊ शकत नाहीत. ती ‘मी पाहिले आहे’ असे शपथेवर सांगणारा सामान्य माणूस देतो. सिद्धगडावर दर २ जानेवारीला भाई कोतवाल आणि हिराजी पाटील यांना अभिवादन करण्यासाठी लोक जमतात. ज्यांनी त्या हुतात्म्यांसाठी ओठ मिटले, त्यांच्या नातवंडांनी त्यांच्याच राज्यात ओठ उघडण्याची ही वेळ आहे.